मोजमाप कोणाच्या हाती?



मजुरांची गाऱ्हाणी मांडणाऱ्या माणसाने लोणखेड्याच्या या सभेत कोकरांची सोनोग्राफी हा विषय का घ्यावा, असे आपणांस वाटेल. पण मोजमापाशी आमचे जुने नाते आहे. ऊसतोडणीची मजुरी टनावर मिळते. तरुणपणी एका काट्यावर आम्ही वजनाची पावती मागितली, तेव्हा ‘तुला त्यातले काय कळते?’ असे उत्तर मिळाले. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात आम्ही टनाक्विंटलांचे गणित शिकलो.

साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ आपल्या खानदेशात शेतोशेती मेंढ्या बसवीत फिरतात. त्यांचे कोकरू विकले जाते कसे? व्यापारी कंबरेवर हात दाबून मांस किती, चरबी किती, हे ताडतो आणि दलालाशी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतो. मेंढपाळ बघत उभा राहतो.

सोनोग्राफी हीच चाचपणी ध्वनीने करते. शेवटच्या बरगडीपाशी लोकर कातरून, तेल लावून तेथे यंत्राची मूठ टेकवतात. कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला लाखो कंपनांचा ध्वनी आत शिरतो. चरबी संपून मांस लागते तेथून एक पडसाद येतो, मांस संपून हाड लागते तेथून दुसरा. परतायला लागलेल्या वेळेवरून दोहोंची जाडी मिलिमीटरमध्ये कळते. कोकराला ओरखडाही उठत नाही.

याचे खरे मोल पैदाशीत आहे. मेंढा कापून पाहिला तर मांस कळेल. पण वंश कोणी वाढवायचा? म्हणून पूर्वी त्याची भावंडे वा पिले कापून अंदाज बांधीत. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया येथे आता जिवंत मेंढा तपासून निवडतात. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणला. जुळी वाड्यात मोजता येतात. कातडीखालचे मांस मोजायला असे साधन लागते.

यंत्र सर्वज्ञ नव्हे. मांस मऊ शिजेल की नाही, हे ते सांगत नाही. मूठ वाकडी धरली तर आकडाही चुकतो. यंत्र न्यायीही नसते. हीच सोनोग्राफी मुलींच्या जिवावर उठली, म्हणून १९९४ साली कायदा करावा लागला.

पडदा एकट्या व्यापाऱ्याने पाहिला, तर रुमालाच्या जागी यंत्र आले एवढेच होईल. म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. आधी बाजारात सर्वांसमोर वजनकाटा असावा. मग पैदाशीचे मेंढे तपासण्यासाठी यंत्र मेंढपाळांच्या सहकारी संस्थेने घ्यावे, आणि आलेला आकडा मेंढपाळाला त्याच्या बोलीत सांगून वहीत लिहून द्यावा. आम्हांला त्या दिवशी पावती मिळाली नाही. त्याच्या मुलाला ती मिळाली पाहिजे.