गामा की अंदळकर? कुस्ती कुठं लावायची ते आधी सांगा

मागच्या भागात सांगितलं होतं तसं आज कुस्ती. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलताना जे सुटलं ते इथं थोडं भरून काढलंय.

देवळी तालुक्यातल्या एका गावात आखाड्याच्या मंडळाची बैठक होती. विषय साधा. वर्गणी जमली आहे, त्यात मॅट घ्यायची की हौदातली माती बदलायची? दहा मिनिटांत गाडी रुळावरून उतरली आणि विषय झाला, गामा पहिलवान आणि गणपतराव अंदळकर यांची कुस्ती लागली असती तर कोण जिंकलं असतं! आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे हा वाद पूर्ण शुद्धीत झाला असं समजायला हरकत नाही.

एक आजोबा म्हणाले, "गामाले कोन चित करन बाप्पा?" त्यावर पोलीस भरतीची तयारी करून घेणारा एक दादा म्हणाला, "आजोबा, ऑलिंपिकच्या मॅटवर अंदळकर उतरले होते, गामा नाही." झालं. तिथून पुढे दोन तट.

हे खूळ आपलंच आहे असं समजू नका. अमेरिकेत यावर चक्क सिनेमा निघाला होता. मुष्टियुद्धातला रॉकी मार्सियानो १९५६ मध्ये निवृत्त झाला, ४९ लढती, ४९ विजय. मुहम्मद अलीवर व्हिएतनाम युद्धाला जायला नकार दिल्यामुळे १९६७ पासून बंदी होती. एका निर्मात्याला कल्पना सुचली की दोघांची माहिती कॉम्प्युटरला द्यायची आणि निकाल त्यालाच विचारायचा. १९६९ मध्ये दोघांना खरंच रिंगमध्ये उतरवून एकेक मिनिटाच्या ७० फेऱ्या चित्रित केल्या. मार्सियानो तेव्हा ४५ वर्षांचा. वीसेक किलो वजन उतरवून, डोक्यावर टोप घालून तो आला. शेवट वेगवेगळे चित्रित केले होते. जानेवारी १९७० मध्ये थिएटरात दाखवलं, तेव्हा तेराव्या फेरीत मार्सियानोनं अलीला पाडलं. बिचाऱ्याला ते पाहता आलं नाही, आदल्या ऑगस्टमध्येच विमान अपघातात तो गेला होता. आणि गंमत म्हणजे युरोपात दाखवलेल्या एका आवृत्तीत अली जिंकला! म्हणजे कॉम्प्युटरलाही प्रेक्षक बघून कौल द्यावा लागला. आपल्या पारावरची माणसं निदान आपलं मत तरी बदलत नाहीत.

आता आपल्या जोडीकडे येऊ. गामाचा जन्म १८७८ चा, अंदळकरांचा १९३५ चा. मध्ये ५७ वर्षं. गामा लाहोरला वारले ते १९६० मध्ये, आणि त्याच साली अंदळकर हिंद केसरी झाले. त्यामुळे ही कुस्ती फक्त आपल्या डोक्यातच लागू शकते.

गामाबद्दल बोलताना आधी भाकडकथा बाजूला काढू. बडोद्याला संग्रहालयात एक दगड आहे, बाराशे किलोचा, तो गामानं उचलला म्हणतात. बारा क्विंटल! कापसाचा हिशेब करा. बैल जुंपून बंडीत न्यायचा माल आहे तो. हलवला असेल, कलता केला असेल, पण छातीशी धरून चालला हे मी मानत नाही. रोजच्या पाच हजार बैठका आणि तीन हजार जोरही मी बाजूला ठेवतो. त्याची गरजच नाही, कारण नोंदवलेली कामगिरी पुरेशी आहे.

१९१० साली गामा लंडनला गेले. बुटके म्हणून आधी स्पर्धेत घेईनात. मग त्यांनी आव्हान दिलं. अमेरिकेचा डॉक्टर रोलर पुढे आला. पहिल्यांदा १ मिनिट ४० सेकंदांत चित, दुसऱ्यांदा सव्वानऊ मिनिटांच्या आत. मग १० सप्टेंबरला पोलंडचा झिबिस्को. वजनानं गामांपेक्षा बराच भारी. त्यानं काय केलं? पोटावर पालथा पडला आणि अडीच तासांहून जास्त वेळ तसाच चिकटून राहिला. कुस्ती बरोबरीत सोडवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा लागणार होती, झिबिस्को आलाच नाही, पट्टा गामांना मिळाला. १९२८ मध्ये पतियाळाला दोघं पुन्हा भिडले. गामा तेव्हा पन्नाशीला आलेले. मिनिटभरात निकाल.

आता अंदळकर. सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यातलं पुनवत हे गाव, तयारी कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ९७ किलोवरच्या गटात त्यांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवलं. त्याच स्पर्धेत कवठे पिरानच्या मारुती मानेंनी ९७ किलो गटात याच्या उलट केलं, फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. एका जिल्ह्यातले दोन मल्ल! १९६४ मध्ये अंदळकर टोकियो ऑलिंपिकला गेले, अर्जुन पुरस्कारही त्याच सालचा. पुढे मोतीबागेत वस्ताद म्हणून बसले आणि दादू चौगुलेंसारखे मल्ल घडवले. २०१८ मध्ये गेले.

यातलं ग्रीको-रोमनचं सुवर्ण माझ्या मते सगळ्यात मोठं. त्या प्रकारात कमरेखाली हात लावायचा नाही, पायानं अडकवायचं नाही. आपली मातीतली कुस्ती म्हणजे निम्मी पायांची. पट काढणं, टांग मारणं, सगळं वर्ज्य. म्हणजे ज्या हत्यारांवर वाढला ती दारातच काढून ठेवून हा माणूस आशियात पहिला आला.

बैठकीतला दादा म्हणत होता की मॅटवर, गुणांच्या नियमात, गामा टिकले नसते. मला हे उलटं वाटतं. लंडनमध्ये गामांना जे नडलं ते गुण नसणंच. आजचे नियम असते तर पालथ्या पडलेल्या झिबिस्कोला पंचांनी निष्क्रियतेबद्दल ताकीद दिली असती आणि तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गामा गुणांवर सहज जिंकले असते. आणि आजोबा म्हणत होते की मातीत अंदळकरांचं काही चाललं नसतं. तेही पटत नाही. हिंद केसरीची गदा काही मॅटवर वाढून मिळाली नव्हती.

मग माझा कौल? फ्रीस्टाइल असेल, मातीत किंवा मॅटवर, तर १९१० चे गामा. कारण अंगानं मोठ्या माणसाला खाली आणणं हाच त्यांचा आयुष्यभराचा धंदा होता. रहीम बख्श सुलतानीवाला त्यांच्यापेक्षा कितीतरी उंच, त्यालाही शेवटी पाडलंच. ग्रीको-रोमन असेल तर मात्र अंदळकर, आणि तिथं मला शंका नाही.

एक आठवण करून देतो. गामांचं घराणं महाराष्ट्राला परकं नव्हतं. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधलं, १९१२ मध्ये ते सुरू झालं तेव्हाची कुस्ती गामांचा भाऊ इमाम बख्श आणि गुलाम मोहिद्दीन यांची होती.

बरं, मॅट की माती हा प्रश्न राहिलाच. त्या गावात सतरा वर्षांचा एक पोरगा आहे. पोळ्याच्या आसपासच्या आमदंगलीत काटा कुस्त्या मारतो, बक्षिसाचे पैसे घरी देतो. पण सरकारी नोकरीत खेळाडूंचं जे ५ टक्के आरक्षण आहे, त्याला मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. त्या स्पर्धा मॅटवर. दंगलीतल्या रोख इनामाचा कागद कुणी देत नाही. देवळीचे रामदास तडस विदर्भ केसरी होते, पुढे २०१४ आणि २०१९ मध्ये वर्ध्याचे खासदार झाले, म्हणून इथल्या पोराला कुस्तीतून काही होतं हे माहीत आहे. कसं होतं, ते मात्र कुणी नीट सांगत नाही.

दुसरी बाजूही खरी. आपली काळी माती आखाड्याला कामाची नाही. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते. लाल माती ट्रॉलीनं आणायची, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मळायची, रोज खोरायची. हे करणारे हात एकदा गेले की परत येत नाहीत. मॅट मात्र केव्हाही विकत मिळते. पण मॅटला छप्पर लागतं, आणि आपल्या मे महिन्यात टिनाच्या शेडखाली कोण लढेल तेही बघायला पाहिजे.

त्या पोराला विचारलं, तुझं काय मत? तो म्हणाला, "मले दोन्ही पायजे. सकाळी माती, संध्याकाळी मॅट. अंदळकरांनी नव्हतं का केलं?" दोन्ही तट गप्प.

ठरलं असं की या वर्षी मॅट घ्यायची, शाळेच्या सभागृहात अंथरायची परवानगी मागायची, आणि मातीची ट्रॉली दोन शेतकऱ्यांनी आपल्या खर्चानं आणायची. आजोबांनी ताकाची जबाबदारी घेतली.

तुमचा कौल कळवा. गामा की अंदळकर? पण कुस्ती कुठल्या नियमानं ते लिहायला विसरू नका, नुसतं नाव आलं तर ते मत मोजणार नाही.