धावपळ आणि धावणे

मराठी संसारात ‘धावपळ’ हा शब्द जितक्या वेळा उच्चारला जातो, तितका दुसरा क्वचितच उच्चारला जात असेल. सकाळचा डबा, दूध, शाळेची बस, कचेरीची वेळ, घरातील आजाऱ्याचे औषध, पाहुण्यांचे येणेजाणे ह्या सर्वांची मिळून ती धावपळ. वाटेत कोणी भेटले आणि ‘काय चालले आहे?’ असे विचारले, की गृहिणीचे उत्तर ठरलेले असते : ‘नेहमीचीच धावपळ!’ गंमत अशी की, ह्या धावपळीत धावणे कोठेच नसते. स्वयंपाकघर ते दार आणि दार ते स्वयंपाकघर एवढ्या अंतरात दिवसभराची दमछाक होते. पण छातीभर श्वास घ्यावा लागेल असे वीस पावलांचे धावणेसुद्धा घडत नाही.

भाषेने धावण्याला आणखीही अर्थ दिले आहेत. संकटात सापडलेला भक्त देवाचा धावा करतो आणि देव धावून येतो. शेजारी अडीअडचणीला धावतो. आषाढीच्या वारीत वेळापूरच्या अलीकडे, धावाबावीच्या उतारावर, वारकरी खरोखरीच धावत सुटतात. तुकोबांना ह्या ठिकाणाहून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, अशी श्रद्धा आहे. तेथे नातू आणि आजोबा एकाच उतारावरून एकाच वेळी धावतात आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. परंतु हे सारे धावणे कोणाच्या तरी ओढीने किंवा कोणासाठी तरी केलेले. मूल धावले तर ते खेळते आहे असे आपण म्हणतो. तरुण धावला तर भरतीची तयारी करीत असेल. प्रौढ पुरुष धावला तर डॉक्टरांनी सांगितले असेल. चाळिशी ओलांडलेली बाई धावताना दिसली, की मात्र एकच प्रश्न येतो : ‘काय झाले? सगळे ठीक आहे ना?’ मला हा प्रश्न मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी अशा तिन्ही भाषांत विचारण्यात आला आहे.

तिन्ही भाषांत, कारण मी रायपूरची. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात आली. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरातून येथला कारभार पाहिला. तेव्हापासून आणि पुढे जुन्या मध्यप्रांताच्या काळातही मराठी कुटुंबे इकडे येत राहिली. तात्यापारा, लाखेनगर ही वस्त्यांची नावे ऐकली की परगावच्या मराठी पाहुण्याच्या कानाला ओळख पटते. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो, दिवाळीत चिवडा होतो. अशाच एका घरातली मी सून, आणि माझ्या धावण्याची सुरुवात माझ्यापासून झालेली नाही.

माझी मुलगी चौदाव्या वर्षी शाळेच्या धावण्याच्या चमूत निवडली गेली. सराव सायन्स कॉलेजच्या मैदानावर, पहाटे साडेपाचला. थंडीच्या दिवसांत रायपुरात सूर्य साडेसहा उलटल्यावर उगवतो. त्यामुळे तासभर अंधारच. तिच्या वडिलांची नोकरी पाळीची. मग सोबत कोणी जावे? ह्या प्रश्नावर आमच्याकडे दोन रात्री चर्चा झाली, आणि तिचा रोख हळूहळू ‘नाहीतरी पुढच्या वर्षी दहावी आहे’ ह्या वाक्याकडे वळू लागला. मुलींचे मैदान सुटते ते बहुधा असेच. कोणी बंदी घालीत नाही. सोबत मिळत नाही, एवढेच. तेव्हा मी म्हटले, मी जाते.

पहिले आठ दिवस मी मैदानाच्या कडेच्या बाकावर शाल लपेटून बसून राहिले. नवव्या दिवशी थंडीनेच उठवले. चालू लागले, आणि चालता चालता एक वळण धावले. मुलगी मागून आली आणि गुरूच्या अधिकाराने म्हणाली, ‘आई, धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर चालायचं. मग पुन्हा धावायचं.’ तिच्या शिक्षकांनी नवशिक्या मुलांना सांगितलेला नियम तिने मला सांगितला. पुढे वाचनात आले की हा नियम शास्त्राला धरून आहे. हृदयाचे ठोके जास्तीत जास्त किती पडू शकतात ह्याचा एक ढोबळ हिशेब असा की, २२० मधून आपले वय वजा करावे. म्हणजे तिचे २०६ आणि माझे १७७. तीच गती, तेच अंतर. पण ज्या वेगात ती गुणगुणत होती, त्या वेगात मला श्वास पुरत नव्हता. बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे, हे माझ्या वयाला औषध होते. आणखी एक गोष्ट मोठ्या माणसांनी ध्यानात ठेवावी. श्वास आणि हृदय काही आठवड्यांत सरावतात. स्नायुबंधांना आणि हाडांना महिनेच्या महिने लागतात. दुसऱ्या महिन्यात ‘आता मला जमते’ असे वाटू लागते, आणि नेमका तेव्हाच गुडघा किंवा टाच दुखावते. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा छातीत दुखण्याची तक्रार आहे, त्यांनी तर आधी वैद्याला विचारूनच बूट बांधावेत. मुलांनाही सूट नाही. उंची झपाट्याने वाढत असते त्या वर्षांत गुडघ्याच्या वाटीखालचे हाड दुखते, तेव्हा त्यांना थांबवावे; त्याला आळस म्हणू नये.

आळसाची गोष्ट निघालीच आहे. पहिल्या हिवाळ्यात मुलगी तिसऱ्या फेरीलाच बसू लागली. घरात कोणी म्हणाले अभ्यासाचा ताण, कोणी म्हणाले मोबाइल. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन कमी निघाले. तिचेही आणि माझेही. ह्यात आमचे काही विशेष नव्हते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के, आणि १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाच्या आढळल्या. म्हणजे ज्या घरात मायलेकी दोघीही थकलेल्या असतात, त्या घरात हा थकवा वळण म्हणून, स्वभाव म्हणून खपून जातो. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. सासूबाईंनी लाल भाजी आणि मुनगा सुरू केला. आपल्या शेवग्याला इकडे मुनगा म्हणतात आणि तो परसदारी असतोच. मैदान नसते तर हे रक्त तपासले गेले असते की नाही, ह्याची मला शंका आहे.

ह्या बोलता येण्याच्या नियमाचा एक परिणाम कोणी योजलेला नव्हता. बोलता येईल इतक्या वेगाने दोन माणसे रोज अर्धा तास शेजारी शेजारी धावू लागली, की ती बोलतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाशी समोरासमोर बसून बोलणे ही उलटतपासणी होते. त्याला आपला चेहरा दिसत असतो आणि आपल्याला त्याचा. मैदानावर दोघांचीही दृष्टी समोरच्या वाटेवर. दुसऱ्या हिवाळ्यात एकदा चौथ्या फेरीला ती म्हणाली की तिला भिलाईच्या क्लासला जायचे नाही, अभियांत्रिकी करायचीच नाही. घरी हा विषय निघाला असता तर तिचे पहिले वाक्य पुरे होण्यापूर्वी चार माणसांची मते पडली असती. येथे मत द्यायला माझ्याजवळ श्वास नव्हता. ती दोन फेऱ्या बोलत राहिली आणि मी ‘हं’ म्हणत राहिले. पुढे ती गोष्ट घरात दोन महिने चालली; पण मी कोणत्या बाजूला आहे, हे तिला आधीपासून ठाऊक होते.

आमच्या ह्या गावाला अशा सहवासाची जुनी आठवण आहे. १८७७ मध्ये कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरात राहिले होते, आणि त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्र येथे आला. आगगाडी तेव्हा रायपूरपर्यंत पोहोचलेली नव्हती. बैलगाडीने, रानावनांतून हा प्रवास झाला. येथे त्याच्या शिक्षणाजोगी शाळा नव्हती. चरित्रकार सांगतात की त्या सुमारे दोन वर्षांत वडीलच त्याचे शिक्षक झाले. बरोबरीच्या नात्याने त्याच्याशी वाद करीत, घरी येणाऱ्या विद्वानांच्या बैठकीत त्याला बसवीत. पुढे जग त्याला स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागले. बुढापाऱ्याजवळच्या बुढा तलावाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात आणि तळ्याच्या मध्यावर स्वामींचा भव्य पुतळा आहे. पुतळा पाहायला शाळांच्या सहली येतात. मला मात्र त्या पुतळ्यापेक्षा शाळा नसलेली ती दोन वर्षे अधिक विचार करण्यासारखी वाटतात. आपल्या मुलांना शाळा आहे, शिकवणी आहे, शिकवणीची शिकवणी आहे. पालकाला मिळतो तो पहाटेचा अर्धा तास, आणि तोही मागून घ्यावा लागतो.

मुलींच्या बाबतीत ह्या अर्ध्या तासाचे आणखी एक मोल आहे. मुलीच्या हाडांचा जो जास्तीत जास्त साठा आयुष्यात होणार असतो, त्याचा सुमारे नऊ दशांश भाग अठराव्या वर्षापर्यंत होऊन जातो. बाईची पाळी थांबली की हाच साठा वेगाने उतरू लागतो. पायांवर शरीराचा भार पडेल असे धावणे-उड्या मारणे पहिल्या काळात जमा वाढविते आणि दुसऱ्या काळात घसरण मंद करायला हातभार लावते. एकाच वाटेवर, एकाच पावलांनी, मुलगी पेढीत ठेव टाकीत असते आणि आई आपली ठेव राखीत असते. माझ्या आईचे खुब्याचे हाड न्हाणीघरात नुसत्या पाय घसरण्याने मोडले. ती आयुष्यभर धावपळ करीत आली होती.

तिच्या पिढीला कोणी धावायला सांगितलेही नव्हते, आणि ही गोष्ट केवळ आपल्याकडची नव्हे. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली. शेवटी काही जणी दमून खाली बसल्या, त्याचा एवढा गवगवा झाला की ती शर्यत १९६० पर्यंत पुन्हा झालीच नाही. पुरुष दमले तर पराक्रम आणि बायका दमल्या तर धोका! ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली ती १९८४ मध्ये. म्हणजे माझ्या जन्मापर्यंत तिचा पत्ता नव्हता.

प्रौढ वयात धावायला लागण्याची रीतही फार जुनी नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरी आर्थर लिडियार्ड नावाच्या शिक्षकांनी मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांना हळूहळू धावायला लावले, आणि १९६२ मध्ये तेथे त्यांचा संघ निघाला. त्याच सुमारास अमेरिकेतील नामांकित प्रशिक्षक बिल बोवरमन तेथे गेले. त्यांची पन्नाशी उलटली होती. सत्तरी ओलांडलेला, हृदयविकार होऊन गेलेला एक गृहस्थ त्यांच्यापुढे सहज धावत राहिला आणि हे मागे पडले. परत जाऊन त्यांनी हा छंद आपल्या देशात रुजविला. आणि त्याच ऑकलंडमध्ये २०१७ साली आपल्या पंजाबच्या मान कौर १०१ व्या वर्षी १०० मीटर धावल्या, ७४ सेकंदांत. त्यांना मैदानावर नेले त्यांच्या मुलाने, गुरदेव सिंगांनी. तेव्हा त्यांचे वय ९३ होते. मुलगा स्वतः प्रौढांच्या स्पर्धांत धावणारा. २०२१ मध्ये त्या वारल्या. आईला चालताना हात देणारे मुलगे आपल्याकडे पुष्कळ आहेत. आईला धावायला लावणारा हा एक.

आमच्या मैदानावर आमच्याआधी येणारी मंडळी वेगळी. खेड्यांतून आलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी मुले-मुली, सैन्य आणि पोलीस भरतीसाठी धावतात. काहींच्या पायांत बूट नसतात. त्यांच्या हातात सेकंद मोजणारे घड्याळ असते आणि एका सेकंदावर नोकरी. त्यांच्या शेजारून आपल्या बोलक्या वेगाने धावताना आपले धावणे चैनीचे आहे, हे विसरता येत नाही. प्रथम ती हसत. आता ‘आंटीजी, एक चक्कर और!’ असे ओरडतात. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो, तेव्हा सारेच जण पाचाच्या आत येतात आणि उजाडता उजाडता पांगतात. त्या दिवसांत घरी येऊन पाण्यात भिजवलेला शिळा भात, कांदा आणि मीठ खायचे. ह्याला इकडे बोरे-बासी म्हणतात, आणि धावून आल्यावर त्याची चव काही निराळीच लागते.

आता थोडे हिशेबाचे. तिशीनंतर व्यायाम न करणाऱ्या माणसाची दमसास राखण्याची शक्ती दर दहा वर्षांनी सुमारे एक दशांश उतरते. नेमाने कसून व्यायाम करणाराची त्याच्या जवळजवळ निम्म्याने. उतरते मात्र दोघांचीही. मुलीची त्याच वेळी चढत असते. पहिल्या वर्षी ती माझ्यासाठी रेंगाळत असे. दुसऱ्या वर्षी माझा सराव वाढला, ती परीक्षेमुळे थोडी मागे पडली, आणि एका पावसाळ्यात तीनएक महिने आम्ही अगदी एका पावलाने धावलो. कोणी कोणासाठी थांबत नव्हते. तसे दिवस पुन्हा येणार नाहीत, हे शरीरशास्त्रच सांगते. आता ती सतरा वर्षांची आहे. पाच किलोमीटर संपवून, पाणी पिऊन, मला आणायला उलट धावत येते.

येत्या जूनमध्ये ती शिक्षणासाठी बाहेरगावी जाईल. पहाटे अंधारात मैदानावर सोबत कोणाची, हा प्रश्न घरात पुन्हा निघाला आहे. ह्या वेळी माझ्याविषयी. परवा त्यावर बोलणे चालले असता सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, ‘मी येईन की. बाकावर बसेन.’