आधी निदान, मग पाना
(संस्थेच्या वार्षिक समारंभात एका शिक्षकाने केलेले भाषण)



शिक्षक भाषणाला उभा राहिला की अभ्यास आणि चारित्र्य यांवर बोलणार, हे ठरलेलेच असते. मी मात्र आज जुन्या डिझेल मोटारीच्या फाउंडेशनवर बोलणार आहे. मी बी.ए., बी.एड. यंत्र हा माझा विषय नव्हे. पण आपल्या लोणंदमध्ये कांद्याचे टेम्पो, वडाप, जीप यांवर कितीतरी घरांची चूल पेटते आणि आपल्या समाजाची अनेक मुले लहान वयातच हातात पाना धरतात. म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे.

माझ्याकडे जुनी डिझेल इंडिका आहे. पुण्याजवळ पिंपरीच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी १९९८ साली बाजारात आली आणि २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. तरी आपल्या भागात ती अजून दिसते. माझी गाडी उभ्या जागी थरथरू लागली. गिअरचा दांडा हातात नाचायचा आणि इंजिन बंद करताना शेवटी एक मोठा हिसका बसायचा. सालपे घाटात गिअर बदलून क्लच सोडला की पुढून ‘धप्’ असा आवाज यायचा. एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथे न तपासताच सांगितले, “पंप-नोझलचे काम निघाले.” मी मान डोलावली. पैसे गेले, थरथर मात्र तशीच राहिली.

मग एका रविवारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. नववीत शाळा सोडून तो गॅरेजमध्ये लागला होता. त्याने गाडी चालू करायला सांगितली, मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी कान दिला आणि म्हणाला, “सर, इंजिनाचा ठोका सरळ आहे. इंजिनाला काही झालं नाही. फाउंडेशन बसलंय.”

हे फाउंडेशन म्हणजे काय? विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल. ते काँक्रीटच्या ओट्यावर बोल्टांनी जखडलेले असे. मोटारीत असा ओटा कुठून आणणार? आणि इंजिन सरळ पत्र्याला आवळले, तर प्रत्येक धक्का बसणाऱ्याच्या हाडांपर्यंत पोहोचेल. म्हणून लोखंडाच्या दोन तुकड्यांमध्ये रबर घट्ट चिकटवून त्यावर इंजिन ठेवतात. १९३१ साली अमेरिकेच्या प्लिमथ मोटारीत इंजिन अशा रबरावर तोलून बसवण्याच्या पद्धतीचा मोठा गाजावाजा झाला होता. गॅरेजमध्ये या भागाला माउंटिंग म्हणतात किंवा फाउंडेशन म्हणतात.

या रबराला तीन कामे असतात : इंजिनाचे वजन पेलणे, त्याला पिळू न देणे आणि धक्के गिळणे. विद्यार्थी मित्रांनो, थोडे गणित करा. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर मिनिटाला १६०० स्फोट झाले, म्हणजे सेकंदाला सुमारे २७. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा पेट्रोल इंजिनापेक्षा कितीतरी जास्त दाबून तापवतात आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते, त्यामुळे धक्का अधिक कडक बसतो. शिवाय इंजिन चाकांना एका दिशेने फिरवते, तेव्हा ते स्वतः उलट दिशेला पिळू पाहते. न्यूटनचा तिसरा नियम आपण पाठ करतो, तो हाच.

आता निदान. थरथर दोन कारणांनी होते. एक तर इंजिनच लंगडत असते, नाही तर इंजिन ठीक असून त्याचा आधार गेलेला असतो. सायलेन्सरचा आवाज एकसारखा नसेल, ठोका मध्येच चुकत असेल, पांढरा किंवा काळा धूर असेल, तर नोझल, कॉम्प्रेशन किंवा डिझेलच्या नळीत शिरलेली हवा यांचा संशय घ्यावा. ठोका सरळ असून गाडी हलत असेल आणि रेस थोडी वाढवताच थरथर कमी होत असेल, तर आधी फाउंडेशन पाहावे.

इंजिन गार असताना बॅटरी लावून रबर बघा. भेगा, लोखंडापासून सुटलेली कड, एका बाजूला खाली बसलेले इंजिन, तेलाने फुगून मऊ झालेले रबर, ही लक्षणे होत. काही गाड्यांच्या माउंटिंगमध्ये द्रव भरलेला असतो. तो गळाल्याचा ओघळही दिसतो. सायलेन्सर कुठे पत्र्याला टेकला आहे का, हेही बघा. त्यानेही गाडी अशीच थरथरते. मग हँडब्रेक ओढून, चाकांना उटी लावून, ब्रेक दाबून ठेवून, पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये क्लच अगदी किंचित सोडायचा आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून इंजिन बघायचे. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे राहू नये. इंजिन थोडे हलणारच. पण ते उसळून आपटत असेल, तर आधार गेला.

माझ्या गाडीचे उजव्या बाजूचे रबर लोखंडापासून सुटले होते. त्यावर वरून ऑइल ठिबकत होते. मुलाने आधी टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलले. “गळती तशीच ठेवली तर नवं रबरही टिकायचं नाही,” तो म्हणाला.

बदलण्याची रीतही त्याच्याकडूनच शिकलो. जागा सपाट हवी. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी. गाडी उचलायची असेल तर मजबूत स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही गाडीखाली जाऊ नये. मुलांनो, या एका चुकीने माणसे जिवाला मुकतात. चेंबर पिचकू नये म्हणून जॅकवर रुंद लाकडी ठोकळा ठेवून इंजिनाला फक्त वजन पेलण्यापुरता आधार द्यावा. एका वेळी एकच माउंटिंग सोडावे. फटीत बोटे घालू नयेत. नवे बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने धरवावेत, इंजिन आपल्या जागी नीट बसू द्यावे आणि मगच आवळावेत. बाकीची माउंटिंगही तपासावीत, कारण मोडक्याचा भार इतके दिवस त्यांनीच वाहिलेला असतो. टायरचा तुकडा कोंबून किंवा कडक नकली रबर घालून भागवू नये. त्याने गाडी आणखी थरथरते.

शेवटचे आवळणे राहिले होते. किती जोराने आवळायचे, तो आकडा इंग्रजी पुस्तकात होता. पोराने ते पुस्तक माझ्यापुढे धरले आणि खाली बघत म्हणाला, “सर, एवढं वाचून सांगा.”

बंधूंनो, त्या क्षणी आम्ही दोघेही अर्धेच होतो. शिकलेला मी, पण न विचारता पैसे दिले. त्याच्या कानाने रोग ओळखला, पण पुस्तक त्याला बंद होते. इल्म आणि हुनर यांची आपण उगाच फारकत केली आहे.

पालकांना माझी विनंती आहे. मुलाला गॅरेजची आवड असेल, तर लाज मानू नका. पण दहावी होईपर्यंत त्याला शाळेतून काढू नका. दहावीनंतर आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा आणि मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. ज्यांची शाळा सुटली आहे, त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येते.

आणि गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलांनो, गिऱ्हाइकाची गाडी ही तुमच्याकडे ठेवलेली अमानत आहे. न तपासता सांगितलेल्या कामाचे पैसे हलाल कमाईत कसे धरायचे, हे स्वतःला विचारा. आधी ऐका, बघा, तपासा. मग पाना उचला.

माझी गाडी आता शांत चालते. त्या मुलाने यंदा १७ नंबरचा फॉर्म भरला आहे. रात्री गॅरेज बंद करून तो माझ्याकडे इंग्रजी वाचायला येतो. निकाल अल्लाहच्या हाती. पण पुढच्या वेळी तो आकडा त्याने स्वतः वाचावा, एवढीच माझी दुआ आहे.