एक मीटरची काठी, दोन गावं आणि पृथ्वीचा घेर

(या आठवड्याच्या एपिसोडचं लिखित रूप. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधले माझे 'म्हणजे म्हणजे' काढून टाकलेत.)

आज सुरुवातीलाच दोन प्रश्न. सूर्य डोक्यावर किती वाजता येतो? बारा म्हणालात ना? बरं, दुसरा. उन्हाळा का येतो?

हा दुसरा प्रश्न मी ऑफिसमध्ये चहाच्या वेळी विचारला होता. सगळे इंजिनीयर, काही तर एमटेक. निम्म्यांचं उत्तर आलं, पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून. आता गंमत बघा, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे आपण शेकोटी पेटवून बसलेलो असतो तेव्हा. उन्हाळा येतो तो पृथ्वीचा आस कललेला आहे म्हणून. आपल्या भागात सूर्य वर चढतो, ऊन सरळ पडतं आणि दिवसही मोठा होतो. हे आपण सगळ्यांनी सहावी-सातवीत पाठ केलेलं असतं, त्याचे मार्क पण मिळालेले असतात. तरी चहाच्या कपाबरोबर तोंडातून येतं ते जवळ-लांबच. कारण सूर्य वर चढतो हे आपण वाचलं, बघितलं कधीच नाही.

तर आजचा विषय तो आहे. पाचवी ते आठवीच्या मुलांना पृथ्वी आणि आकाश हातात कसं द्यायचं. मी काम करते पुण्यात, पण मूळची बीड जिल्ह्यातली. महिन्यातून एका शनिवारी गावाकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते, सहावी-सातवीच्या वर्गावर. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यामुळे सुटल्यावर मैदान आमचंच.

आधी एक राग काढून घेते. विज्ञान प्रदर्शन म्हटलं की ज्वालामुखी येतो. मातीचा डोंगर, वर भोक, आत खायचा सोडा आणि व्हिनेगर, लाल रंग. फसफसलं की टाळ्या. अहो, आपण महाराष्ट्रातले लोक! आपल्या पायाखालचा जवळजवळ सगळा काळा दगड लाव्हाचाच आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आणि तो असा टोकदार डोंगरातून फसफसून आलेला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून लाव्हा पसरला, थिजला, त्यावर पुन्हा दुसरा थर. घाटातल्या डोंगरांना पायऱ्या दिसतात ना, त्या ह्याच थरांच्या. पोरांना हे दाखवायला सोडा लागत नाही, विहीर लागते. आम्ही एका नव्या विहिरीच्या काठावर उभे राहिलो (लांबून, दोरी बांधून, सर सोबत) आणि वरून खाली थर मोजले. माती, मुरूम, मग घट्ट काळा पाषाण, मग पुन्हा बारीक भोकांचा दगड. ती भोकं म्हणजे लाव्हामधल्या वाफेचे बुडबुडे. एका मुलाच्या आजोबांनी आयुष्यभर विहिरी खोदल्या. पाणी कुठल्या थरात लागतं, हे त्यांना आमच्या पुस्तकापेक्षा जास्त माहीत होतं. घट्ट दगडात पाणी फक्त फटींतून येतं, हे त्यांनी सुरुंगाच्या गोष्टी सांगत सांगत समजावलं. त्या दिवशी मी काहीच शिकवलं नाही.

चंद्राचंही तसंच. चंद्राच्या कलांसाठी थर्माकोलचं मॉडेल नको. पौर्णिमेनंतर आठवडाभराने सकाळी शाळा भरते तेव्हा पश्चिमेला अर्धा चंद्र असतो, कोणी बघत नाही एवढंच. एक पांढरा चेंडू काडीला टोचायचा आणि उन्हात उभं राहून, हात लांब करून, चंद्राच्या शेजारी धरायचा. चेंडूचा उजळलेला भाग आणि चंद्राचा उजळलेला भाग अगदी सारखा दिसतो. पोरं दोन मिनिटं गप्प होतात. आणि मग कोणीतरी म्हणतं, 'म्हणजे चंद्रावर पण हेच ऊन पडलंय?' हो बाबा, हेच. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो हे मुलांना माहीतच असतं, कारण संकष्टीला आई उपाशी असते आणि कॅलेंडरवर चंद्रोदयाची वेळ तेच वाचून दाखवतात.

पण आज मला मुख्य सांगायचंय ते सावलीबद्दल.

साहित्य: १ मीटर उंच काठी, जमिनीत सरळ रोवलेली. १ मीटर दोरी. बस. काठी सरळ आहे का हे बघायला गवंड्याचा ओळंबा, नाहीतर दोऱ्याला बांधलेला खडा. काठीभोवती दोरीने १ मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. सकाळी सावली लांब असते, ती आखडत आखडत वर्तुळाच्या आत येते. जिथे टोक वर्तुळाला शिवतं तिथे खूण आणि वेळ लिहायची. दुपारी तेच टोक वाढत बाहेर जातं, तिथे दुसरी खूण. दोन वेळांच्या बरोबर मध्ये ती तुमच्या गावची खरी दुपार. दोन्ही खुणा जोडल्या की ती रेघ पूर्व-पश्चिम. यज्ञाच्या वेदीसाठी दिशा ठरवायला हीच युक्ती शुल्बसूत्रांत सांगितलेली आहे.

२०२४ चा डिसेंबर, २१ तारीख, शनिवार. आमच्या पहिल्या खुणेची वेळ ११ वाजून २४ मिनिटं, दुसरीची १ वाजून २६. मध्य काढा. १२ वाजून २५ मिनिटं. पोरं म्हणाली घड्याळ चुकलंय. मग दुसऱ्याचं घड्याळ, सरांचा मोबाईल. सगळ्यांचं तेच! कारण आपलं भारतीय घड्याळ लावलंय ते ८२.५ अंश रेखांशावर, तिकडे उत्तर प्रदेशात मिर्झापूरच्या बाजूला. आम्ही त्याच्या पश्चिमेला पावणेसात अंश. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे २७ मिनिटं उशीर. उरलेला एक-दोन मिनिटांचा फरक वर्षभर बदलत राहतो, फेब्रुवारीत तर हीच दुपार १२:४० वर जाते. तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे.

आता जरा मागे जाते, कारण ह्या २१ डिसेंबरची खरी गोष्ट वेगळी आहे.

बीडमधल्या शाळांचं एक वेगळं वेळापत्रक असतं. दिवाळी झाली की वर्ग रिकामा व्हायला लागतो. मुकादमाची उचल घेतलेली असते, टोळ्या निघतात, ट्रॅक्टरमध्ये भांडी, गोधड्या, शेळी आणि पोरं. कोणी कर्नाटकात, कोणी सांगली-कोल्हापूरकडे. ज्यांच्या घरी आजी-आजोबा असतात ती मुलं मागे राहतात, काहींची हंगामी वसतिगृहात सोय होते. बाकीची जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. आल्यावर मागच्या बाकावर बसतात, कारण अर्धं पुस्तक पुढे गेलेलं असतं. पटावर नाव असतं, पण वर्गात त्यांचा विषय कोणी काढत नाही.

डिसेंबरच्या आधीच्या फेरीत मी इरॅटोस्थेनिसची गोष्ट सांगितली होती. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस. त्याला कळलं की इजिप्तमध्ये सायीन गावी, म्हणजे आजच्या आस्वानला, एका ठरावीक दिवशी दुपारी विहिरीच्या तळापर्यंत ऊन पोचतं. आणि त्याच दिवशी उत्तरेला अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते, ७.२ अंशांची. पृथ्वी गोल आहे, म्हणून हा फरक. ७.२ म्हणजे ३६० चा पन्नासावा भाग. तर दोन गावांमधलं अंतर गुणिले ५० केलं की पृथ्वीचा घेर. मी तेवढ्यावर थांबणार होते. तर एक मुलगा म्हणाला, 'ताई, ती तर आता कोल्हापूरकडं आहे. तिकडं सावली वेगळी पडत असंल का?'

ती म्हणजे त्यांच्याच वर्गातली, सातवीतली मुलगी. नाव सांगत नाही. महिनाभरापूर्वी आईवडिलांबरोबर गेलेली. आईवडील पहाटे फडात, आणि ही दिवसभर कोपीवर लहान भावाला सांभाळत. म्हणजे दुपारी बारा ते एक ती मोकळ्या रानात, उन्हात असणारच होती!

संध्याकाळी तिच्या वडिलांच्या फोनवर फोन लावला. तिच्याकडे मीटरपट्टी नव्हती, ओळंबा नव्हता. कंपासपेटीतली १५ सेंटिमीटरची पट्टी होती. तिने एक सरळसा ऊस घेतला, पट्टीने सहा वेळा आणि वर १० असं मोजून १०० ला तोडला. जमिनीत रोवला तर उंची कमी होईल हे तिचं तिनेच ओळखलं, म्हणून तो दगडांत उभा केला आणि दोऱ्याला खडा बांधून सरळ केला. वर्तुळ वगैरे नको म्हटलं, बाराच्या पुढे दर दहा मिनिटांनी सावली मोज आणि सगळ्यात लहान आकडा सांग. इथे निसर्ग मदत करतो, खऱ्या दुपारच्या आसपास सावलीची लांबी जवळजवळ हलतच नाही. दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर फरक दोन-तीन मिलिमीटरचा.

२१ तारखेला संध्याकाळी व्हॉइस नोट आली. मागे भाऊ रडतोय, ट्रॅक्टर चाललाय. 'ताई, ८४. तीनदा ८४ आलं.'

शाळेतली आमची सावली होती ९२.

आता सातवीला टॅनजंट येत नाही. काही अडत नाही. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर त्रिकोण काढले, काठी २५ सेंटिमीटर, सावली त्याच प्रमाणात, आणि कोनमापक लावला. आमचा कोन साडेबेचाळीस, तिचा चाळीस. फरक अडीच अंश. ३६० भागिले अडीच, १४४. नकाशावर दोन गावांमधलं अंतर मोजलं. रस्त्याचं नाही बरं का, फक्त उत्तर-दक्षिण. ते आलं २५५ किलोमीटर. १४४ गुणिले २५५, ३६,७२०. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. उसाच्या कांड्याने आणि कॅलेंडरच्या कागदाने एवढं जवळ!

पण वर्ग खूश नव्हता. चूक कोणाची, हा वाद. मी कॅलक्युलेटरवर दाखवलं की इथे एका सेंटिमीटरच्या चुकीने उत्तर पाच-सहा हजार किलोमीटर सरकतं. झालं, सगळ्या मुलांचं एकमत. चूक तिचीच. पंधराच्या पट्टीने कोणी मीटर मोजतं का?

सोमवारी सरांनी पुन्हा काठी उभी केली. ह्या वेळी एका मुलाने वडिलांचा ओळंबा आणला होता. सावली ९१. शनिवारी शाळेतली काठीच किंचित कललेली होती. तिचा ८४ पक्का निघाला. ९१ आणि ८४ घेऊन हिशोब केला तर उत्तर ४०,००० च्या थोडं वर जातं. इतकं नेमकं येणं हा बराचसा नशिबाचा भाग आहे, हे मी मुलांना सांगितलं. त्यांना ते पटलं असं वाटलं नाही. त्यांनी तिला फोन लावून 'तुझंच बरोबर होतं' एवढं सांगितलं, आणि मग पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

मला काय वाटतं सांगू? विज्ञानाच्या नावाने आपण शाळांना किट देतो, टॅब देतो, आकाश दाखवणारं ॲप देतो. मी स्वतः ॲप बनवून पोट भरते, त्यामुळे माझा ॲपवर राग नाही. पण ॲप प्रश्न पडायच्या आधीच उत्तर दाखवतं, आणि ते वर्गातल्या प्रत्येकाला सारखंच असतं. इथे तिच्या आकड्याशिवाय वर्गाचं गणित सुटतच नव्हतं. ती तिकडे असल्यामुळेच ते सुटलं. एप्रिलमध्ये ती परत आली तेव्हा भिंतीवरच्या तक्त्यात तिची ओळ होती, डिसेंबरपासून दर महिन्याची, आणि मागच्या बाकावरून ती पोरांना सांगत होती की काठी कशी लावायची.

ह्याने ऊसतोड थांबत नाही. तक्त्यात ओळ आली म्हणून कोणाची उचल फिटत नाही. ती आता आठवीत आहे. हंगाम आला की घरात पुन्हा तीच चर्चा होणार, आणि त्यात सावलीचा तक्ता कोणी पुढे करणार नाही. तिचे सर मात्र त्या घरी दोनदा जाऊन आलेत.

आणि एक गंमत. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि काठीची सावली गायब होते तो, कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, बीड-मुंबईला १५ मेच्या आसपास आणि नागपूरला मेच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात शाळेला सुट्टी असते तेव्हाच! दुसऱ्यांदा येतो जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा ढग. म्हणून शाळांमध्ये हे राहूनच जातं. आम्ही मेमध्ये मुलांना घरून बोलावलं, वीसेक आली, अनवाणी पाय भाजत होते तरी हलली नाहीत.

तर आता तुमच्यासाठी. येत्या डिसेंबरमध्ये २० ते २३ यातला कुठलाही दिवस चालेल, त्या दिवसांत सूर्य जागचा फारसा हलत नाही. १ मीटर काठी, १२ ते १ दर दहा मिनिटांनी सावली, सगळ्यात लहान आकडा आणि गावाचं नाव मला पाठवा. सूर्याकडे बघायचं नाही, सावलीकडे बघायचं, हे लहान मुलांना आधी सांगा. घरात, बिल्डिंगमध्ये, मामाच्या गावी जो कोणी सहावी-सातवीतला असेल त्याच्या हातात पट्टी द्या आणि तुम्ही मागे उभे राहा. गोव्यातून, नंदुरबारमधून, गडचिरोलीतून आकडे आले तर फारच छान, कारण गावं उत्तर-दक्षिण जितकी लांब तितकी चूक कमी. आणि परदेशातले जे ऐकताय त्यांनी पण पाठवा, दुबईची सावली बरीच लांब येईल.

फक्त ओळंबा लावायचा विसरू नका.