चाळिशीतला बेसबॉल अंगाला काय मागतो

मागच्या वेळी आम्ही आमच्या रविवारच्या खेळाबद्दल दोन मिनिटं बोललो, तर केंद्रावर बरेच फोन आले. कोणी विचारलं, किती वयापर्यंत खेळता येतं? कोणी विचारलं, गुडघे धरत नाहीत का? एका ताईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, पळताना लघवी सुटते, तिचं काय करता? आज या सगळ्याची उत्तरं द्यायला आम्ही बसलो आहोत. बोलणार एक जण आहे, पण आमच्या चौदाही जणींनी काय सांगायचं ते मिळून ठरवलंय.

आधी खेळ सांगतो, कारण अनेकींना तो क्रिकेटसारखा वाटतो. बेसबॉल हा मूळ अमेरिकेतला. मैदानावर चौकोन असतो, त्याच्या चार कोपऱ्यांना चार बेस. चेंडू टोलवायचा आणि एकेका बेसवरून पळत चौकोन पुरा करायचा, की एक रन. मोठ्यांच्या मैदानात एका बेसपासून दुसऱ्यापर्यंत ९० फूट अंतर असतं, आणि चेंडू टाकणारी पिचर मारणारीपासून साडेसाठ फुटांवर उभी राहते. चेंडू दीडशे ग्रॅमला जरासा कमी, पण दगडासारखा कडक. याचीच बहीण म्हणजे सॉफ्टबॉल. तिथे चेंडू मोठा असतो, तो खालून हात फिरवून टाकतात आणि बेस ६० फुटांवर. आमच्या खानदेशात मुली शाळेत सॉफ्टबॉल खेळतात. आमच्यातल्या पाच जणीही खेळलेल्या. मग लग्न, लेकरं, कापूस, आणि हात पंधरा-वीस वर्षं चेंडूपासून लांब. बाकीच्या नऊ जणींनी बचत गटात येईपर्यंत बॅट हातात घेतलेली नव्हती. आमची धाकटी एकोणतीस वर्षांची आणि थोरली अठ्ठेचाळीस.

आता लोक म्हणतात, तुम्ही शेतातल्या बाया, तुमचं अंग कसलेलं, तुम्हाला काय त्रास? हे अर्धंच खरं आहे. आपण दिवसभर वाकून निंदतो, डोक्यावर हंडा घेऊन चालतो, ओझं उचलतो. त्याने कंबर, मान, तळहात दणकट होतात. पण हे सगळं काम सावकाश आणि एका लयीत चालतं. बेसबॉलचं तसं नाही. दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं, आणि मग एका क्षणात जीव तोडून पळायचं. आठवून पहा, तुम्ही पूर्ण वेगाने शेवटचं कधी पळालात? आमच्यातल्या बहुतेकींचं उत्तर होतं, न्हाण येण्याच्या आधी.

म्हणून पहिलं दुखणं येतं मांडीच्या मागच्या बाजूला. बेसकडे झेप घेताना तिथे कट्कन होतं आणि शीर धरते. डॉक्टर सांगतात, तो स्नायू ओढला जातो किंवा फाटतो. आमच्या एका गडणीला हे झालं तेव्हा ती बारा दिवस कापूस वेचायला जाऊ शकली नाही. वेचणी किलोवर असते. बारा दिवस म्हणजे बारा दिवसांची मजुरी गेली.

पळण्याचा सराव आम्ही कसा केला ते सांगतो. पहिले तीन आठवडे चेंडू पिशवीतच होता. आधी दहा मिनिटं भराभर चालायचं, मग पाय मागे-पुढे झुलवायचे, मग निम्म्या वेगाने पळायचं, ते सुद्धा वीस पावलं. चौथ्या आठवड्यात पाऊण वेग. पूर्ण वेग दीड महिन्यानंतर. आणि बेस आम्ही सॉफ्टबॉलसारखे ६० फुटांवरच ठेवलेत. कोणी म्हणतं, हा मग खरा बेसबॉल नाही. नसू दे, आपल्याला कुठे अमेरिकेला जायचंय!

दुसरं दुखणं खांद्याचं, आणि यावर जरा थांबून बोलायला हवं, कारण खांदा गेला की भाकरी थापणंही जातं आणि पाठीमागे हात नेऊन पोलक्याची गाठ बांधणंही. चेंडू लांब फेकायचा तर नवखी बाई सगळा जोर हातावर देते. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी हे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, गोफण कधी फिरवली नाहीस का?" त्या लहानपणी ज्वारीच्या राखणीला माचावर उभ्या राहायच्या, पाखरं हाकायच्या. गोफणीचा दगड हाताने जात नाही. पाय रोवायचा, कंबर वळवायची, मग खांदा येतो आणि सगळ्यात शेवटी मनगट. चेंडूचंही अगदी तेच आहे. जोर पायातून आणि कमरेतून वर यायला हवा. आणि चेंडू सुटल्यावर हात एकदम थांबवायचा नाही, खाली पलीकडच्या गुडघ्याकडे जाऊ द्यायचा. हाताला आवरण्याचं काम खांद्याच्या मागचे लहान स्नायू करतात, आणि सगळ्यात जास्त थकतात ते तेच.

फेकी मोजायची सवय आम्ही ठेवली आहे. अमेरिकेत मुलांची लिटल लीग म्हणून मोठी स्पर्धा चालते. तिथे २००७ पासून पिचरने किती इनिंग टाकल्या यापेक्षा किती चेंडू टाकले हे मोजतात, आणि त्यावरून किती दिवस विश्रांती ते ठरवतात. आम्ही पन्नास पूर्ण ताकदीच्या फेकींवर हात थांबवतो, मग सामना कितीही रंगात असो. बाभळीखाली एक मुलगी वहीत उभ्या रेघा मारत बसते. पन्नास हा आकडा आमचा आहे, आमच्या खांद्यांवरून ठरवलेला. तुमचा चाळीस असेल.

कोपराचंही एक सांगण्यासारखं आहे. टॉमी जॉन नावाचा अमेरिकन पिचर होता. १९७४ साली त्याच्या कोपरातला सांधा बांधून ठेवणारा दोर फाटला. तोवर असा हात म्हणजे खेळ संपला असंच धरायचे. फ्रँक जोब नावाच्या डॉक्टरांनी त्याच्या दुसऱ्या हातातली एक शीर काढून कोपरात बसवली. पुढचं सगळं वर्ष त्याने हात सुधारण्यात घालवलं, १९७६ मध्ये तो परत मैदानात उतरला आणि १९८९ पर्यंत, म्हणजे पंचेचाळिशी उलटून गेली तरी खेळला. त्या शस्त्रक्रियेला आजही त्याचंच नाव आहे. पण त्याच्यामागे डॉक्टर होते, पैसा होता, आणि घरी बसायला एक आख्खं वर्ष होतं. आपल्याकडे यातलं काही नाही, म्हणून आपण कोपर दुखायला लागलं की त्याच दिवशी फेकणं थांबवतो.

गुडघ्यांबद्दल मात्र चांगली बातमी आहे. कॅचरला मारणारीच्या मागे सारखं उकिडवं बसावं लागतं. शहरातल्या बायांना ते जड जातं म्हणे. आपण चुलीपुढे, भांड्यांपुढे आयुष्यभर तसंच बसतो. आमची अठ्ठेचाळीस वर्षांची गडीण कॅचर आहे ती त्यामुळेच. पण बसणं सोपं असलं तरी एका सामन्यात शंभरदा उठणं जड आहे. म्हणून दर दोन इनिंगनंतर आम्ही कॅचर बदलतो. आधीच गुडघा सुजलेला असेल, जिना उतरताना अडकत असेल, तर त्या बाईने कॅचर होऊ नये.

कपड्यांचं विचाराल तर सलवार किंवा ट्रॅक पँट. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, नऊवारीचा कासोटा घाला, आम्ही त्यातच झाडावर चढायचो. खोटं नाही ते. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, च्युइंगगमवाले उद्योगपती फिलिप रिग्ली यांनी बायांची बेसबॉल लीग काढली. ती १९५४ पर्यंत चालली. त्या बायांना आखूड झगे घालून खेळायला लावायचे, कारण लोकांना त्या नाजूक दिसायला हव्या होत्या. बेसवर घसरत गेल्या की मांड्या सोलून निघायच्या. त्या जखमांना त्या स्ट्रॉबेरी म्हणायच्या! आमचं मैदान मुरमाचं, म्हणून घसरणं आमच्याकडे बंद आहे.

काचेच्या बांगड्या काढाव्याच लागतात. झेल घेताना फुटल्या की मनगटात शिरतात. यावरून दोन घरांत बोलणी झाली. मग तोडगा निघाला: खेळापुरत्या बांगड्या उतरवून हाताला हळदीचा दोरा बांधायचा. जोडवी बुटात रुततात, बोट काळंनिळं होतं, तीही काढून पदराच्या गाठीला. मंगळसूत्र आत खोचून वरून घट्ट सदरा.

आता रक्ताचं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. नुसत्या चालण्यात ते कळत नाही, पळताना कळतं. छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. आम्ही सगळ्यांनी उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घेतलं. बाराच्या खाली म्हणजे कमीच. ज्यांचं दहाच्याही खाली होतं, त्यांना आम्ही गोळ्या सुरू करून आधी गुण लिहायला बसवलं आणि पुन्हा तपासल्यावर पळायला घेतलं. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका. लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घेतली तर अंगी जास्त लागते.

आणि त्या ताईंचा प्रश्न. ताई, तुम्ही एकट्या नाही. आमच्या चौदांपैकी सहा जणींना पळताना, शिंकताना लघवी सुटते. बाळंतपणात खालचे स्नायू ढिले पडतात, त्यामुळे हे होतं. यावर व्यायाम आहे आणि तो गुपचूप करता येतो. लघवी रोखून धरताना जे आवळतो ते आवळायचं, पाच अंक मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या ढिल्या ठेवायच्या, श्वास कोंडायचा नाही. फरक दिसायला तीन महिने तरी लागतात. आमच्यातल्या चौघींना बराच फरक पडला, दोघी अजून घडी घालून खेळतात. पण अंग बाहेर येत असेल, खाली ओझं लोंबल्यासारखं वाटत असेल, तर पळण्याआधी डॉक्टरीणबाईंना दाखवा. पिशवीसोबत अंडाशयही काढलेली असतील किंवा पाळी लवकर गेली असेल, तर हाडं लवकर ठिसूळ होतात. त्यांनीही विचारूनच यावं.

स्नायू धरला तर पहिले दोन दिवस चोळायचं नाही आणि शेकायचंही नाही. आपल्याकडे लगेच तेल लावून लचक उतरवणाऱ्याकडे नेतात, त्याने आतलं रक्त आणखी सुटतं. माठातल्या पाण्यात भिजवलेलं फडकं किंवा बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, पट्टी बांधायची, पाय उशीवर. पाय टेकवतच नसेल, जागा वेडीवाकडी दिसत असेल किंवा बोटं बधिर झाली असतील तर दवाखाना गाठायचा.

आता मजुरीकडे परत येतो, कारण आमच्यात सगळ्यात जास्त वाद त्यावरच झाला. ती गडीण घरी बसली तेव्हा तिला शेजारपाजारचे म्हणाले, खेळायला कोणी सांगितलं होतं? तीच बाई मागच्या उन्हाळ्यात हंडा उचलताना कंबर धरून बसली होती, तेव्हा पाणी भरायला कोणी सांगितलं होतं असं कोणी विचारलं नाही. खेळाडूंना सामन्यानंतर विश्रांतीचा दिवस असतो. आम्ही रविवारी सकाळी सातला खेळतो, दहाला घरी धुणं, दुपारी दळण, संध्याकाळी कळण्याच्या भाकरी, सोमवारी पहाटे वेचणी. अंगाला हे सगळं एकत्रच मोजावं लागतं, आणि त्या हिशोबात खेळ सगळ्यात हलका निघतो.

म्हणून दोन ठराव आम्ही गटात लिहून घेतले. पहिला, दर आठवड्याला प्रत्येकीने दहा रुपये वेगळे ठेवायचे. खेळात दुखापत झाली तर औषध आणि गाडीभाडं त्यातून. बुडालेली मजुरी त्यात भरून निघत नाही, हे आम्हाला माहीत आहे. दुसरा, रविवारची संध्याकाळची चूल घरातलं दुसरं कोणीतरी पेटवेल. चौदांपैकी नऊ घरांत हे सुरू आहे. एका घरी दीर खिचडी करतात, रोज तीच, पण करतात. पाच घरांत अजून बोलणं चालू आहे.

वेचणीच्या ऐन हंगामात आम्ही सामने खेळत नाही, फक्त चालतो आणि हलक्या फेकी करतो. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला सुरू करून आठला थांबतो. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून कळशी बाभळीखाली ठेवतो.

ज्यांना बघायला यायचं असेल त्यांनी जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर रविवारी या. ग्लव्हज अकराच आहेत, तेव्हा पहिल्या दिवशी पाळीपाळीने घ्यावे लागतील. पायात बूट हवेत. चपलेवर आम्ही पळू देत नाही.