गिऱ्हाइकाचीही उगवण तपासा



सोयाबीन पेरण्याआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले, तरच ते बियाणे पेरायला योग्य समजतो. बियाण्याची परीक्षा करतो, मग गिऱ्हाइकाची का करू नये? हल्ली मोबाईलवरून घरपोच माल विकावा असं पुष्कळांच्या मनात येतं. त्यासाठी कोणी चक्कीकरता कर्ज काढतो, कोणी हजारो छापील पिशव्या आणून ठेवतो. मागणी निघाली नाही तर कर्ज मात्र डोक्यावर राहतं. हे टाळायचं कसं, ते आज पाहू.

उदाहरण वायगावच्या हळदीचं घेऊ. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातली ही हळद. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. समजा, तुम्हाला ही हळद दळून नागपूरच्या रामदासपेठेत विकायची आहे.

१. गिऱ्हाईक काय शब्द लिहितं?

गूगलवर ‘हळद’ लिहा. खाली आपोआप काही ओळी दिसतात. लोक जे शोधतात त्यावरून त्या येतात. त्या वहीत उतरवा. मराठीत लिहा, हिंदीत ‘हल्दी’ लिहा, इंग्रजी अक्षरांतही लिहून पाहा; नागपुरात तिन्ही चालतं.

आता निवड करा. ‘हळद लागवड’ शोधणारा आपल्यासारखाच शेतकरी. ‘हळद आजचे भाव’ शोधणारा बहुधा शेतकरी किंवा व्यापारी. ‘हळदीचे फायदे’ वाचणारा नुसता वाचून जातो. पण ‘हळद पावडर एक किलो किंमत’ किंवा ‘वायगाव हळद घरपोच’ लिहिणाऱ्याचा हात खिशाकडे गेलेला असतो. आपलं गिऱ्हाईक तेच. नुसत्या ‘हळद’ शब्दावर मोठमोठ्या कंपन्या बसल्या आहेत. तिथे आपला निभाव लागणं कठीण.

२. आकडा नीट वाचा

‘गूगल ट्रेंड्स’वर दोन शब्दांची तुलना फुकट करता येते. पण तिथला १०० हा आकडा म्हणजे शंभर माणसं नव्हेत, बरं का! निवडलेल्या काळातला सर्वात जास्त शोध म्हणजे १००. बाकीचे आकडे त्याच्या मानाने. कोणत्या महिन्यात शोध वाढतो, एवढं त्यातून कळतं. रामदासपेठेत किती घरं घेतील, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष चाचणीच हवी.

एक जपा. शब्द चालतो म्हणून दुसऱ्या भागातल्या हळदीला वायगावचं नाव लावू नका. मानांकन ठरलेल्या भागापुरतंच असतं, आणि ते वापरणाऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी.

३. दहा किलोची चाचणी

सगळी हळद दळू नका. हळकुंडं चांगली वाळलेली असली तर पावडरीपेक्षा जास्त टिकतात. फक्त दहा किलो गावच्या चक्कीवर दळून आणा आणि अर्ध्या किलोच्या वीस पिशव्या भरा. विक्रीपूर्वी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. पिशवीवर वजन, किंमत, भरल्याची तारीख आणि नोंदणी क्रमांक लिहा.

मोबाईलवरची जाहिरात रामदासपेठ आणि आसपास एवढ्याच भागाला दाखवता येते; पोहोचवण्याचं कामही एका फेरीत होतं. दोन जाहिराती करा. फोटो तोच, दर तोच, दिवस आणि पैसे सारखेच. फक्त शब्द वेगळे : एकीत ‘वायगाव हळद’, दुसरीत ‘शेतकऱ्याकडून थेट हळद पावडर’. दोन वाणांची चाचणी एकाच रानात घेतो, तसंच हे.

४. हिशेब मांडा

वहीत चार रकाने आखा : विचारणा किती, आगाऊ पैसे किती जणांनी दिले, माल किती घरी गेला, आणि पुन्हा कोणी मागवला. ‘छान आहे, कळवतो’ ही मागणी नव्हे. पैसे दिले ती मागणी. पुन्हा मागवलं ती पक्की मागणी.

समजा, पाच घरं पक्की झाली आणि प्रत्येक घर दोन महिन्यांत अर्धा किलो घेतं. वर्षाला पंधरा किलो झाले. तुमच्याकडे चार क्विंटल वाळलेली हळद असेल, तर अशी सुमारे १३४ घरं लागतील! तोवर बाकीची हळद बाजारात नेणंच शहाणपणाचं. दरातून दळणावळ, पिशवी, जाहिरात आणि गाडीभाडं वजा करा. बाजारभावापेक्षा हातात जास्त उरलं, तरच पुढच्या खेपेला वीस किलो दळा.

चाचणी फसली तर दहा किलोचाच खर्च अंगावर येतो, घर गहाण पडत नाही. तेव्हा यंदा आधी वही घ्या, मग चक्की.