सुरंगीचा वळेसर
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत. 'आठवणी सांग' असं सांगितलंय, पण छड्या, सहल आणि गॅदरिंग सकाळपासून बोलून झालंय. मी एका फुलाबद्दल बोलणार आहे. त्याला कारण आपला व्हॉट्सअॅप ग्रुप.

गेल्या जूनमध्ये आपल्यातल्या एकाने कॅनडाहून, मुलीच्या अंगणातला एक फोटो टाकला. हे एवढं थोरलं गुलाबी फूल, नाव पिओनी. खाली लगेच चौघींनी विचारलं, मालवणात लागेल का गं? नाही लागणार. पिओनीला हिवाळ्यात कित्येक आठवडे कडक थंडी लागते. त्या थंडीत जमिनीखालचे डोळे निजतात, तेव्हा कुठे वसंतात फुटतात. आपण जानेवारीत पहाटे शाल घेतली की थंडी पडली म्हणतो. भारतात तिची एक रानटी बहीण आहे, पण ती काश्मीर-हिमाचलच्या बाजूला, हिमालयात.

चीनमध्ये झुडपी पिओनीला फुलांचा राजा म्हणतात. श्रीमंतीचं आणि मानमरातबाचं फूल. तिथे एक दंतकथा आहे. सम्राज्ञी वू हिने ऐन हिवाळ्यात बागेतल्या सगळ्या फुलांना फुलायचा हुकूम सोडला. बाकीची घाबरून फुलली, ही एकटी फुलली नाही. म्हणून तिला राजधानीतून लोयांग शहरात हद्दपार केलं. आज त्याच लोयांगमध्ये दर एप्रिलात तिचा मोठा उत्सव भरतो.

ही गोष्ट वाचली आणि मला आमच्या परड्यातली सुरंगी आठवली. तीही कुणाचं ऐकत नसे.

सुरंगी आपल्याला नवीन नाही. पण इथे जमलेल्यांपैकी किती जणांनी झाड पाहिलंय? वळेसर पाहिला असेल, बाजारात, जत्रेत, कुणाच्या अंबाड्यावर. झाड उंडीच्या गोतातलं, बारमाही हिरवं, चांगलं उंच. फुलं शेंड्याला येत नाहीत, पानं गळून गेलेल्या जुन्या फांद्यांना चिकटून घोसच्या घोस येतात. कळी तांबूस, मोत्याएवढी. फुटली की पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. शास्त्रीय नाव मॅमिया सुरिगा. त्यातलं 'सुरिगा' हे आपल्या किनाऱ्यावरच्या बोलीतूनच गेलेलं आहे. आपण उगाच लॅटिनला घाबरायचो.

कोकण, गोवा आणि कर्नाटकाच्या किनारपट्टीत आणि सह्याद्रीत ती वाढते. सिंधुदुर्गात नाव घ्यावं ते वेंगुर्ला तालुक्याचं, त्यातही आसोलीच्या बाजूचं. आंबा-काजूसारखी तिची ओळीने लागवड आपण कधी केली नाही. आज्या-पणज्याने राखलेली झाडं, बांधावर, परड्यात, देवळामागे. रोप लावलं तर फुलायला बरीच वर्षं जातात. शिवाय काही झाडांना नुसतीच नरफुलं येतात, काहींना फळ धरतं. ते झाड फुलेपर्यंत कळत नाही. त्यामुळे सुरंगीची शेती म्हणजे मुख्यतः झाड न तोडणं.

हंगाम शिमग्याच्या आगेमागे. आमच्याकडे शेजारचे काका अर्धेलीने झाडावर चढत. पहाटे, काळोखातच. कारण वळेसराला उमलायच्या बेतातली कळी लागते. ऊन वर आलं की झाड फुटतं, मधमाश्यांचा असा घोंगाट सुरू होतो की खाली उभं राहवत नाही. मग उमललेली फुलं खाली पसरलेल्या जुन्या लुगड्यावर पडायची, ती सुकवायची. सुकी कळी वेंगुर्ल्याचा व्यापारी न्यायचा. अत्तरात जाते, रेशमाच्या रंगात जाते, औषधांच्या दुकानात तांबडा नागकेसर म्हणून विकली जाते. खरा नागकेसर वेगळा, त्याचं झाडही वेगळं. भाव व्यापारी ठरवायचा. चढणारा माणूस ठरवत नव्हता आणि ओवणारी बाईही नाही.

आमच्या घरातली ओवणारी बाई माझी आई. मी सहावीत असताना बाबा गेले. त्यानंतर तिने एकही फूल माळलं नाही. तेव्हा तसंच होतं, कुणी सांगावंही लागत नसे. पण हंगामात रोज सकाळी सातपासून ती सुई घेऊन बसे. पहिला वळेसर देवाला, बाकीचे टोपलीत, वर ओला फडका. "बेगीन चल गो, फुला फुटतली," म्हणत मला पुढे घालायची. शाळेच्या वाटेवर मी ती टोपली बाजारात पोचवत असे. आमच्या दप्तराला, वह्यांना, माझ्या हातांना सुरंगीचा वास. वर्गात मला 'सुरंगी' म्हणत. म्हणणारे दोघे आज पहिल्या रांगेत बसलेत. हसू नका. मला तेव्हा फार लाज वाटे. बोर्डाच्या परीक्षेची फी त्याच टोपलीतून भरली, हे मी या दोघांना आज सांगतेय.

इंग्रजीच्या बाई माझ्याकडून वळेसर घेत. एकदा आई पालकसभेला आली, तेव्हा बाईंनी आपल्या केसांतला अर्धा तोडून तिच्यापुढे धरला. आईने घेतला, माळला नाही. पदराच्या टोकाला बांधला. तो वाळलेला तुकडा कपाटात साड्यांमध्ये पुढे किती दिवस होता. सुरंगी सुकली तरी वास सोडत नाही.

आता जे सांगायचं ते सांगते. 2009 साली आम्ही परडं विकलं. सातबारावर सात नावं, त्यातली पाच मुंबईत. माडांची किंमत वेगळी धरली, आंब्याची वेगळी. सुरंगी हिशोबातच नव्हती. गाडी आत यायला वाट हवी म्हणून पहिल्याच आठवड्यात ती तोडली. सही सगळ्यांची आहे, माझीही आहे. मी तेव्हा बँकेत होते, कागद नीट वाचू शकणारी घरात मी एकटीच. झाड राखायची एक ओळ घालणं मला जमलं असतं. सुचलं नाही, असंही नाही. व्यवहार मोडेल म्हणून गप्प बसले. आईने एवढंच विचारलं, "लाकूड कोणी नेल्यान?"

चढणारे काका त्याआधीच एका पहाटे पडून कमरेतून गेले होते. त्यांचा मुलगा चढत नाही. त्याला दोष कसा देणार? त्या उंचीवर चढणाऱ्याला ना विमा, ना पगार. वळेसर महाग झाला म्हणून आपण कुरकुरतो, तेव्हा हे माणूस मोजत नाही.

आपल्यातल्या निम्म्या लोकांची नावं अशाच सामायिक सातबारावर आहेत. पुढच्या वेळी सहीला बसाल तेव्हा परड्यात एक फेरी मारून या, एवढंच.

बाई, तुमच्यासाठी वेंगुर्ल्याहून आज सकाळचा वळेसर आणलाय. आणि मागच्या टेबलाखाली पिशवीत सुरंगीची नऊ रोपं आहेत, एका ओळखीच्या झाडाखालच्या बियांची. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी जेवणानंतर न्यावीत. कुठलं नर, कुठलं फळाचं, मला सांगता येणार नाही. आपण साठीच्या पुढचे, तेव्हा नातवंडांना घेऊन लावा. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी घाला, आणि गुरं खाणार नाहीत असं कुंपण करा.